दीड ते चार

इटलीच्या सहलीचा कार्यक्रम कुणीही आखलेला असो, त्यात दुपार नसते. नऊला सिएना, तीनला सान जिमिन्यानो, सहाला मुक्काम. कागदावरचे तीन वेगळे आणि जुलैत टस्कनीतल्या टेकडीवरच्या गावातले तीन वेगळे. गाडीतून उतरावं तर गल्लीत चिटपाखरू नाही. खिडक्यांच्या झडपा ओढलेल्या, हॉटेलातल्या खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवलेल्या, चर्चच्या दारालाही कडी. मग बरोबरचं वडीलधारं माणूस विचारतं, "अरे, एवढ्या गावात एक खानावळ उघडी नाही?" नाही. आणि पुण्याच्या दुकानांवरचे विनोद ज्यांना पाठ आहेत त्यांनी तरी यावर तोंड उघडू नये.

लहान गावांत दुपारच्या जेवणाची भट्टी साधारण साडेबाराला पेटते आणि अडीचला विझते. पुन्हा पेटते ती साडेसातला. मधल्या वेळात आधार एकच, बार. हा बार म्हणजे आपल्या मनातला बार नव्हे, लहान मुलांना खुशाल न्यावं अशी कॉफीची जागा. काउंटरशी उभं राहून प्यायलात तर कॉफी स्वस्त, तीच टेबलावर मागवली की महाग, मोठ्या चौकातल्या टेबलावर तर दुपटीच्याही वर. आजोबांना बसवायचंच असेल तर त्यांच्या एकट्याची कॉफी टेबलावर मागवून बाकीच्यांनी फुकट टेकायचं, हा हिशेब तिथे चालत नाही.

माझा हेका असा, की दुपारी हॉटेलाच्या नादी लागूच नये. साडेबाराच्या आत पिशवी भरावी. चीज-पावाच्या दुकानात वजन 'एत्तो'त मागतात. एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. चौघांना दोन एत्तो पेकोरिनो, अर्धा किलो पाव, चार टोमॅटो, पीच, आणि एक बाटली पाणी पुरतं. मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो घ्यावं ते पिएन्झाच्या बाजूचं. कट्टर शाकाहारी मावशी बरोबर असतील तर वेष्टणावर 'काल्यो वेजेताले' शोधावं, म्हणजे विरजण वनस्पतीचं. पार्मिजानो चीजमध्ये ते वासराच्या पोटातलंच असतं, तसा नियमच आहे, तेव्हा 'यात काय असणार, दुधाचंच तर आहे' म्हणून मावशींच्या पुढे करू नये. सुपरमार्केटात फळांना उघडा हात लावायचा नाही. प्लास्टिकचा मोजा चढवून घ्यायची. बऱ्याच ठिकाणी ती आपणच काट्यावर ठेवून, नंबर दाबून, चिकटपट्टी लावायची असते. ती विसरलात की गल्ल्यावरची बाई काही न बोलता काट्याकडे बोट दाखवते आणि मागची रांग आपल्याकडे बघत राहते.

आणि तो पाव! टस्कनीच्या पावात मीठ नसतं. विसरलेलं नसतं, घालतच नाहीत. पिसाने मीठ अडवलं होतं म्हणतात, मिठावर कर भारी होता म्हणतात. काहीही असो, पहिला घास घेतला की घरातलं प्रत्येक जण एकमेकांकडे बघतं. नुसता खायचा हा पाव नव्हेच. वरचं कवच जाड, आतला गर घट्ट. खारट चीजबरोबर तो बरोबर बसतो. दुसऱ्या दिवशी दगड होतो, तेव्हा पाण्यात भिजवून, पिळून, टोमॅटो, काकडी, कांदा, तुळशीच्या जातीचा बाझिल, तेल आणि व्हिनेगर घालून त्याची पांझानेल्ला करतात. फोडणीच्या पोळीची ही तिकडची मावसबहीणच, फक्त फोडणीशिवाय. पिळताना हात राखलात तर लगदा होतो, कांदा थोडा वेळ व्हिनेगरात न मुरवता घातलात तर तोच एकटा बोलत राहतो.

या पावावर ऑलिव्ह तेल सोडून घरची लसणाची कोरडी चटणी भुरभुरावी. टस्कन माणसाला आवडेल की नाही याची मला फिकीर नाही. चटणी नेता येते. पेढे, बर्फी, तूप मात्र नेता येत नाही. भारतातून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे, आणि विमानतळावर डबा उघडला तर पेढे जागच्या जागी टाकावे लागतात.

गाडी घेतली असेल तर दुपारच्या पेंगेत आणखी एक सापळा लागतो. जुन्या गावांच्या वेशीवर पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ असतं, वर कॅमेरा. आत फक्त रहिवाशांच्या आणि परवानगीच्या गाड्या. पाटीवर 'वार्को आत्तिव्हो' उजळलेलं दिसलं की लोक खुशीत आत घुसतात. अर्थ नेमका उलटा, म्हणजे आत्ता बंदी चालू आहे. दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते, गाडी भाड्याने देणारा नाव-पत्ता कळवल्याचे पैसे वेगळे कापतो, आणि वाट चुकून दोनदा वेस ओलांडली तर दंडही दोन. मुक्काम आत असेल तर गाडीचा नंबर हॉटेलवाल्याला आधी कळवावा. पार्किंगला निळ्या रेघा पैशाच्या, पांढऱ्या फुकटच्या, पिवळ्यांच्या वाटेला जाऊ नये. पंपावर 'गाझोलियो' म्हणजे डिझेल. हे एवढं गाडीच्या काचेवर चिकटवून ठेवावं.

उरले बसण्याचे प्रश्न. सिएनाचा काम्पो हा शिंपल्यासारखा उतरता चौक, विटांची फरसबंदी, पांढऱ्या रेघांनी नऊ भागांत विभागलेली; नऊ जणांचं मंडळ तेव्हा गावावर राज्य करत होतं. भर उन्हात त्या चौकात मान्ज्या मनोऱ्याची लांब सावली पडते, आणि माणसं त्या पट्ट्यात ओळीने बसतात. सावली सरकते तशी ओळही सरकते. शेजारचं अनोळखी कुटुंब बूड उचलून वीतभर सरकलं की आपणही सरकायचं.

ओर्व्हिएतोला स्टेशन खाली आणि गाव वर. रुळांवरून दोराने ओढली जाणारी फुनिकोलारे वर चढवते आणि उतरल्या उतरल्या सान पात्रित्सिओची विहीर. १५२७ मध्ये रोमची लूट झाली तेव्हा पोप सातवा क्लेमेंट या गावात येऊन राहिला. वेढा पडला तर पाण्याचं काय, म्हणून ५३ मीटर खोल खणून घेतली. दोन गोल जिने एकमेकांभोवती वळत जातात आणि कुठेही भेटत नाहीत, कारण उतरणाऱ्या खेचराला चढणारं आडवं येऊ नये. पायऱ्या २४८, बुटक्या, रुंद. आत गारवा असतो. उतरताना आजी खूश असतात. चढताना त्याच २४८ असतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

फ्लॉरेन्सची दुपार मात्र मी काशिनेच्या बागेला देईन. ट्रामचा काशिने थांबा बागेच्या शहराकडच्या टोकाला. तिथून आर्नोच्या काठाने पार दुसऱ्या टोकापर्यंत झाडीतून चालायला पाऊण तास तरी लागतो. जिथे मुन्योने आर्नोला मिळते तिथे छत्रीखाली एक रंगीत अर्धपुतळा आहे. कोल्हापूरचे राजाराम महाराज. ३० नोव्हेंबर १८७० ला ते फ्लॉरेन्समध्ये वारले. शहर तेव्हा इटलीची राजधानी होतं आणि दहनाची रीत नव्हती, खास परवानगी काढून याच संगमावर चिता रचली. पुतळा १८७४ चा. पलीकडच्या मोठ्या पुलालाही लोक त्यांच्यावरूनच 'इंदियानो' म्हणतात.

वय विसाच्या आसपास. इंग्लंड बघून झालं होतं. इटलीतून पुढे घरीच जायचं होतं.