भायखळ्याचं ग्रँट मेडिकल आणि तिथली पहिली पोरं

फर्स्ट एमबीबीएसला ग्रेज ॲनाटॉमी हे शरीररचनेचं पुस्तक ज्याने उघडलंय त्याला त्यातली चित्रं आठवतातच. मूळ आवृत्तीतली चित्रं काढली हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाच्या तरुण डॉक्टरने, ग्रेने मजकूर लिहिला आणि कार्टरने हात, पाय, मेंदू, नसा सगळं काढलं, आणि 1858 ला पुस्तक बाजारात येईपर्यंत हा माणूस बोटीने मुंबईला येऊन पोचलाही होता. नंतर तो कुठे शिकवायला लागला? भायखळ्याला, ग्रँट मेडिकल कॉलेजात, ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी! मी त्याच कॉलेजात शिकलो, तिथल्याच डिसेक्शन हॉलमधे उभा राहिलो, आणि हे मला पास आऊट होऊन बऱ्याच वर्षांनी कळलं. तेव्हापासून जुनं मिळेल ते वाचत सुटलोय, त्यातलं थोडं इथे लिहितो.

कार्टर तीस वर्षं इथे राहिला. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसांचे पाय सुजून त्यात भोकं पडायची, त्यातून दाणे दाणे बाहेर यायचे, त्याला तेव्हा मदुरा फूट म्हणायचे. हा बुरशीमुळे होणारा आजार आहे हे त्याने मांडलं, मायसेटोमा हे नाव पण त्याचंच, ते आपण आजही परीक्षेच्या पेपरात लिहितो. पुढे कॉलेजचा प्रिन्सिपल पण झाला. लंडनमधे त्या जगप्रसिद्ध पुस्तकाचे त्याला एकरकमी पैसे मिळाले, रॉयल्टी नाही. नाव ग्रेचं झालं. त्याचं खरं काम मला तरी मुंबईतलंच वाटतं.

आता कॉलेज कसं निघालं ते. 1826 ला मुंबईत एक नेटिव्ह मेडिकल स्कूल निघालं होतं, जॉन मॅक्लेनन नावाचे डॉक्टर ते चालवायचे, देशी भाषेत शिकवायचे, पण सहा वर्षांत ते बंद पडलं. मग गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटने परत हा विषय लावून धरला आणि 1838 मधे तो दापोडीला वारला, काम अर्धवट. तेव्हा मुंबईतल्या लोकांनी सभा घेऊन ठरवलं की याचं स्मारक म्हणून मेडिकल कॉलेजच काढायचं, वर्गणी जमवली आणि सरकारला सांगितलं तुम्ही पण घाला. शेजारच्या हॉस्पिटलसाठी जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले, त्या काळातले एक लाख! 1843 ला पाया घातला, 1845 ला दोन्ही सुरू झालं. चार्ल्स मोरहेड पहिले प्रिन्सिपल, आणि वॉर्डात पेशंटच्या खाटेपाशी उभं राहून शिकवायचं हा आग्रह त्यांचाच. म्हणजे पहिल्या दिवसापासून हॉस्पिटल आणि कॉलेज एकच, आजही कोणी ग्रँट म्हणत नाही, सगळे जेजेच म्हणतात.

पण मला सगळ्यात जास्त ज्यांच्याबद्दल सांगायचंय ती 1851 ची पहिली बॅच. आठ जण. भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा, दोन पारशी, आणि गोम्स, कार्व्हाल्हो, लिस्बोआ अशा आडनावांचे तिघं. हे लोक नुसते डॉक्टर झाले नाहीत हो. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांजऱ्याचे, गरिबांना फुकट औषध द्यायचे, कुष्ठरोगावर कडूकवठीच्या बियांच्या तेलाचे उपचार करून बघायचे, आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचायचे, जुनी नाणी जमवायचे. राणीबागेतल्या म्युझियमला 1975 पासून त्यांचंच नाव आहे, कॉलेजपासून ते फार लांबही नाही. आत्माराम पांडुरंगांनी 1867 ला प्रार्थना समाज काढला. अनंत चंद्रोबा देवीच्या लसीकरणाच्या कामाला लागले. लिस्बोआ डॉक्टरकी करत करत वनस्पतीशास्त्रात शिरले आणि मुंबई इलाख्यातल्या उपयोगी झाडांवर लिहून गेले.

त्यांच्या मागून आलेले सखाराम अर्जुन पण तसेच. कॉलेजात बॉटनी शिकवायचे, मराठीत वैद्यकाची पुस्तकं लिहायचे. 1883 ला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली तेव्हा स्थापना करणाऱ्या आठ लोकांत दोनच भारतीय होते, एक सखाराम अर्जुन आणि दुसरे आत्माराम पांडुरंग, दोघेही आमच्याच कॉलेजचे! आणि रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणजे हेच सखाराम अर्जुन. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून ती मुलगी कोर्टात उभी राहिली तेव्हा घरातून हा माणूस तिच्या पाठीशी होता, आणि पुढे ती लंडनला शिकून स्वतः डॉक्टर झाली. मला हे वाचून भरून आलं होतं, खरंच.

याच 1883 ला ग्रँट कॉलेजने मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. बायका पुरुष डॉक्टरकडे जायच्याच नाहीत, घरातच कण्हत राहायच्या, त्यामुळे शहरातल्या काही लोकांनी फंड जमवून हा प्रश्न धसाला लावला, पेस्तनजी कामांच्या पैशातून 1886 ला कामा हॉस्पिटल उभं राहिलं. आनंदीबाई जोशी पण 1883 लाच अमेरिकेला निघाल्या. एकाच वर्षात किती दारं उघडली बघा.

आणि मग प्लेग. सप्टेंबर 1896 ला मांडवीत गाठी आलेला ताप दिसला आणि हा प्लेग आहे असं ठामपणे सांगणारे डॉ. अकासिओ व्हिएगस, गोव्याचे, शिकलेले ग्रँटमधेच. त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमासमोर आहे, हजारो लोक रोज त्याच्यावरून जातात. ऑक्टोबरमधे सरकारने वाल्देमार हाफकिन या जंतुशास्त्रज्ञाला बोलावून घेतलं आणि त्याला जागा कुठे मिळाली तर ग्रँटमधली एक खोली आणि बाहेरचा पॅसेज, हाताखाली एक क्लार्क आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस बनवली.

कशी बनवली ते वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो. जंतू वाढवायला मांसाचं सूप लागतं, त्याने इथल्या लोकांचा विचार करून बकऱ्याचं मांस वापरलं, आणि त्या सुपावर आपलं साधं तूप टाकलं. तूप वर तरंगायचं, प्लेगचे जंतू त्या तुपाच्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, बारीक पांढऱ्या धाग्यांसारखे, भांडं हलवलं की तुटून तळाशी बसायचे आणि वर परत नवीन वाढायला लागायचे. मग उष्णता देऊन ते मारायचे, टिकायला कार्बोलिक घालायचं, झाली लस. 10 जानेवारी 1897 ला त्याने ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली, ताप आला, दुखलं, पण बरा झाला. त्यानंतर महिन्याच्या आतच भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली, आणि न घेतलेल्यांपेक्षा घेतलेल्यांत आजार कमी दिसला. कैद्यांवरची ती चाचणी आजच्या एथिक्स कमिटीने कधीच पास केली नसती, कारण कोठडीत बसलेल्या माणसाच्या होकाराला किती अर्थ असतो, आणि हे पण सांगायला हवंच. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट या कामातूनच पुढे उभी राहिली.

1986 बद्दल पण लिहितो, कारण कौतुकाच्या भाषणांत ते कधीच येत नाही. जेजेत पेशंटना दिलेल्या ग्लिसरॉलमधे डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी केमिकल होतं, किडन्या निकामी होऊन 14 जण गेले. जस्टिस लेंटिन यांचं कमिशन बसलं आणि त्यांनी औषध खरेदीपासून मंत्रालयापर्यंत सगळी साखळी उघडी पाडली, कोणी तपासणी केली नाही, कोणी डोळेझाक केली, सगळं. औषध कुठून आलं, बॅच तपासली का, हे विचारायची सवय प्रत्येक डॉक्टरला लागावी असं मला पोटतिडकीने वाटतं, कारण 2022 ला गांबियातली लहान मुलं गेली तेव्हा कफ सिरपच्या बाबतीत परत हेच केमिकल पुढे आलं. म्हणजे आपण छत्तीस वर्षांत काय शिकलो? तो रिपोर्ट फार्मॅकॉलॉजीच्या पोर्शनला लावा, दोन लेक्चर तरी द्या.

आमच्या वेळी ड्युटी लागायची ती जेजेबरोबर सेंट जॉर्जेस, जीटी (गोकुळदास तेजपाल) आणि कामा हॉस्पिटलला पण. कॅज्युअल्टीत रात्री अपघात, साप, भाजलेले, दारूत पडलेले, केसपेपर हातात घेऊन धावणारे नातेवाईक, सगळं एकदम येतं. नस सापडत नसली की सिस्टर येऊन सुई हातातून काढून घेतात आणि एका झटक्यात लावून निघून जातात, स्ट्रेचर ढकलणारे मामा पेशंटचा चेहरा बघूनच सांगतात, डॉक्टर आधी याला बघा. वॉर्डातल्या मावशींनी बेवारस पेशंटला स्वतःच्या डब्यातली चपाती भरवलेली मी बघितलीय. मोरहेडचं खाटेपाशी शिकवणं म्हणतात ना, ते अर्धं या लोकांनी केलंय आमच्या बाबतीत, आणि यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

आता एक विनंती. 1860 च्या दशकात ग्रँटला मराठीतून वैद्यक शिकवायचा क्लास चालायचा, त्यासाठी मराठी पुस्तकं लिहिली गेली, शरीर, औषधं, बाळंतपण अशा विषयांवर. कोणाच्या पणजोबांच्या ट्रंकेत, वाड्याच्या माळ्यावर असं काही पडलं असेल, पानं सुटलेली असली तरी चालेल, तर प्लीज रद्दीत घालू नका. आधी पानांचे फोटो काढून ठेवा, मुखपृष्ठाचा आणि छापखान्याचं नाव असलेल्या पानाचा नक्की काढा, आणि खाली कमेंटमधे कळवा. पुस्तक तुमच्याकडेच राहू दे, मला फक्त वाचायचंय.