न जाणवणारी औषधे

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण घरी परततो तेव्हा त्याच्या हाती बहुधा पाच-सात औषधांची यादी असते, आणि त्यांपैकी त्याचा सर्वांत जास्त विश्वास बसतो तो जिभेखाली ठेवायच्या गोळीवर. हे स्वाभाविकच आहे, कारण त्या गोळीने छातीतील कळ दोन-तीन मिनिटांत कमी होते. ॲस्पिरिन किंवा कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन घेतल्यावर मात्र काहीही जाणवत नाही. जाणवलेच तर ते पोटातील जळजळ किंवा अंगदुखी अशा स्वरूपात, म्हणजे तक्रार म्हणूनच. काही महिन्यांनी रुग्ण एखादी गोळी परस्पर बंद करतो तेव्हा ती बहुतेक वेळा या न जाणवणाऱ्या गोळ्यांपैकीच असते. या विषयावर वाचताना मला जी गोष्ट सतत दिसत आली ती हीच, की हृदयरोगात औषध जाणवणे आणि औषधाने आयुष्य वाढणे यांचा एकमेकांशी फारच थोडा संबंध आहे.

जिभेखालच्या गोळीपासूनच सुरुवात करू. तिच्यातील नायट्रोग्लिसरिन हा पदार्थ इटलीतील रसायनशास्त्रज्ञ आस्कानियो सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये तयार केला आणि विल्यम मरेल या इंग्रज डॉक्टरांनी १८७९ मध्ये हृदयशूळावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. याच स्फोटक द्रव्यापासून डायनामाइट तयार करणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना उतारवयात डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरिनच घेण्यास सांगितले होते. या द्रव्यातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, त्यामुळे रक्तवाहिन्या, विशेषतः शिरा सैलावतात, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि हृदयाच्या स्नायूचे काम, पर्यायाने त्याची प्राणवायूची गरज घटते. नायट्रिक ऑक्साइडच्या या कार्याच्या शोधासाठी १९९८ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. इतका मोठा इतिहास असलेल्या या औषधवर्गाची, म्हणजे नायट्रेटांची, झटका आलेल्या रुग्णांवर मोठ्या प्रमाणात चाचणी झाली तेव्हा, म्हणजे १९९० च्या दशकात, ५८ हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘आयसिस-४’ चाचणीत, तोंडाने दिलेल्या नायट्रेटमुळे मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे दिसले नाही. वेदना थांबवणे हे लहान काम नव्हे, त्यामुळे गोळी खिशात असायलाच हवी. परंतु एक गोळी ठेवूनही पाच मिनिटांत कळ ओसरली नाही तर दुसऱ्या गोळीच्या भरवशावर घरी थांबू नये, रुग्णवाहिका बोलवावी. आणि लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल किंवा टॅडलाफिल घेतले असेल तर ते डॉक्टरांना संकोच न करता सांगावे, कारण यांपैकी कोणत्याही औषधाच्या आणि नायट्रोग्लिसरिनच्या संयोगाने रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो.

झटक्याच्या वेळी नेमके काय घडते, याबद्दल विसाव्या शतकात बराच काळ वाद होता. मृतांच्या हृदयरोहिणीत, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत, रक्ताची गुठळी सापडत असे, पण ती झटक्याचे कारण की परिणाम, यावर तज्ज्ञांचे एकमत नव्हते. १९८० मध्ये अमेरिकेतील मार्कस डीवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका आल्यानंतर काही तासांतच रुग्णांची अँजिओग्राफी केली. पहिल्या चार तासांत तपासलेल्या रुग्णांपैकी ८७ टक्के रुग्णांत रक्तवाहिनी पूर्ण बंद आढळली, आणि वेळ जाईल तसे हे प्रमाण घटत गेले. रक्तवाहिनीच्या भिंतीतील चरबीचा थर फुटतो, तेथे प्लेटलेट या रक्त गोठवणाऱ्या पेशी चिकटतात, गुठळी जमते आणि त्यापुढील स्नायू उपाशी पडून मरू लागतो, हा क्रम यानंतर सर्वमान्य होत गेला. मग गुठळी विरघळवणे हाच उपचार, हेही ओघाने आले.

१९८६ मध्ये इटलीतील ‘गिस्सी’ चाचणीने स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा उपयोग सिद्ध केला. मला मात्र गुठळीवरील उपचारांच्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘आयसिस-२’ ही चाचणी. तिच्यात १७,१८७ रुग्ण होते. काहींना शिरेतून १५ लाख युनिट स्ट्रेप्टोकायनेज, काहींना महिनाभर रोज सुमारे १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, काहींना दोन्ही आणि काहींना दोन्हींच्या जागी निष्क्रिय औषध देण्यात आले. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू निष्क्रिय औषधाच्या गटात १३.२ टक्के होते, तर दोन्ही औषधे मिळालेल्या गटात ८ टक्के. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे पाच जण वाचले. त्यात कवडीमोलाच्या ॲस्पिरिनचा वाटा स्ट्रेप्टोकायनेजच्या जवळपास बरोबरीचा होता, आणि ती गोळी घेणाऱ्या कोणालाही आपण वाचलो हे कळण्याचा मार्ग नव्हता. कळत होते ते फक्त आकड्यांना.

याच चाचणीतील एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रुग्णांचे वय, लिंग, मधुमेह असे पोटगट पाडून प्रत्येकाचा निकाल स्वतंत्रपणे द्यावा, असा आग्रह झाला. असे बारीक तुकडे केले की योगायोगाने काहीही निघू शकते, हे संशोधकांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी रुग्णांची जन्मराशीनुसारही विभागणी केली, तेव्हा मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा फायदा झाला नाही, उलट किंचित अपायच झाला, असे उत्तर आले! शहाण्याने यातून काय घ्यायचे ते घेतले. ‘माझ्या प्रकृतीला हे औषध मानवत नाही’ असे वाक्य एका-दोघांच्या अनुभवावरून ऐकायला मिळते तेव्हा मला ही मिथुन रास आठवते.

आज गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनाची जागा बऱ्याच ठिकाणी तातडीच्या अँजिओप्लास्टीने घेतली आहे आणि ती अधिक परिणामकारक आहे. परंतु निदानापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर इंजेक्शन लगेच द्यावे असेच मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. टेनेक्टेप्लेजसारखे नवे औषध एकाच दमात शिरेतून देता येते. सर्वाधिक फायदा पहिल्या दोन-तीन तासांत होतो. बारा तासांनंतर तो फारसा उरत नाही, मेंदूतील रक्तस्रावाचा थोडा पण खरा धोका मात्र उरतो.

आता उलट बाजू. झटक्यानंतर अनेक रुग्णांच्या हृदयात अनियमित जादा ठोके पडतात आणि अशा रुग्णांत अचानक मृत्यूचे प्रमाण अधिक असते, हे १९८० च्या दशकापर्यंत पक्के माहीत झाले होते. तेव्हा ठोके नियमित करणारी औषधे दिली की मृत्यू टळतील, असा तर्क कोणालाही पटला असता. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ठोके खरोखरच दाबत होती, ईसीजीवर सुधारणा डोळ्यांना दिसत होती आणि डॉक्टर ती सर्रास देत होते. ‘कास्ट’ या अमेरिकी चाचणीत या औषधांची निष्क्रिय औषधाशी तुलना झाली, आणि १९८९ मध्ये चाचणीचा हा भाग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सविस्तर आकडेवारीनुसार औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसे मरत होती. माझ्या मते हृदयरोगावरील औषधांच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा निकाल आहे. इथे जाणवणारा परिणाम रुग्णालाच नव्हे, डॉक्टरांनाही फसवून गेला.

स्टेंटबाबतही, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी आत बसवलेल्या जाळीच्या नळीबाबतही, जवळपास असाच गोंधळ होतो, फक्त सौम्य स्वरूपात. झटका चालू असताना बसवलेला स्टेंट जीव वाचवतो, याबद्दल शंका नाही. परंतु चालताना छाती भरून येते आणि थांबल्यावर बरे वाटते, अशा स्थिर स्वरूपाच्या आजारात २००७ मधील ‘करेज’ आणि २०२० मधील ‘इस्किमिया’ या चाचण्यांनी दाखवले की उत्तम औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्याने एकूण मृत्यू कमी होत नाहीत. स्टेंट एका जागेचा अडथळा दूर करतो, त्यामुळे छातीतील त्रास कमी होतो. पण चरबीचे थर सर्वच हृदयरोहिण्यांत पसरलेले असतात आणि पुढचा झटका अनेकदा तुलनेने लहान, त्रास न देणाऱ्या थरातून येतो. मुख्य डाव्या रोहिणीतील मोठा अडथळा किंवा हृदयाची मंदावलेली कार्यक्षमता असे अपवाद आहेत, आणि ते ठरवण्याचे काम हृदयरोगतज्ज्ञांचे आहे. शिवाय स्टेंट बसला म्हणजे गोळ्या संपल्या हा समज तर घातकच आहे, कारण ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीचे गुठळी रोखणारे क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर मध्येच बंद केले तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

त्या न दिसणाऱ्या थरांवर काम करते ते स्टॅटिन. जपानचे आकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीतून या वर्गातील पहिले द्रव्य शोधले. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत ४,४४४ हृदयरुग्णांचा पाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाला: निष्क्रिय गोळीच्या गटात २५६ मृत्यू, सिम्वास्टॅटिनच्या गटात १८२. तरीही सर्वाधिक बदनामी याच औषधाची होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सॅमसन’ या छोट्या चाचणीत, दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले गेले. गोळी न घेण्याच्या महिन्यांपेक्षा घेण्याच्या महिन्यांत त्रास जवळपास दुप्पट होता, पण स्टॅटिनचा त्रास आणि निष्क्रिय गोळीचा त्रास यांत नगण्य फरक होता. या माणसांचे दुखणे खोटे नव्हते, पण त्याचा बहुतांश भाग गोळी घेतल्याच्या जाणिवेतून येत होता, तिच्यातील द्रव्यातून नव्हे. स्नायूंना खरी इजा क्वचित होते. ती रक्ततपासणीत कळते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

राहिले बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडीचा वेग आणि हृदयावरील ताण कमी करणारी औषधे. झटक्यानंतर ते आयुष्य वाढवतात हे १९८० च्या सुमारास सिद्ध झाले, पण तेव्हा ना तातडीची अँजिओप्लास्टी होती, ना स्टॅटिन. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिड्यूस-एएमआय’ चाचणीत, हृदयाची पंप करण्याची क्षमता ५० टक्के किंवा त्याहून अधिक राहिलेल्या सुमारे पाच हजार रुग्णांत या औषधाने मृत्यू किंवा पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चाचणीत मात्र, दीर्घकाळ घेत असलेले बीटा ब्लॉकर बंद करणे हे चालू ठेवण्याइतकेच सुरक्षित आहे असे सिद्ध होऊ शकले नाही. म्हणून हे औषध आयुष्यभर घ्यायचे का, हा प्रश्न आज विचारण्याजोगा आहे, आणि तो विचारताना टूडी इको या हृदयाच्या सोनोग्राफीच्या अहवालातील ‘ईएफ’ हा आकडा, म्हणजे हृदयाच्या पंप करण्याच्या क्षमतेची टक्केवारी, सोबत असावा. तो ४० च्या खाली असेल तर औषधाचा फायदा निर्विवाद आहे. बंद करायचे ठरलेच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवूनच, कारण एकदम थांबवल्यास नाडी वेगाने वाढते आणि छातीतील कळ पुन्हा उसळू शकते.