स्लाव्ह एक्स्चेंज डाव, नोंद ४: अर्धा गुण एच४ मध्ये गेला

स्लाव्ह बचावाच्या एक्स्चेंज प्रकाराने सुरू झालेल्या या बुद्धिबळाच्या डावातलं ४२व्या चालीचं कोडं सुटलं. प्याद्यांच्या डावात पांढरा नेमका कुठे चुकला, हे मागच्या नोंदीपर्यंत सापडत नव्हतं. सापडणार कसं? तिथे तो चुकलेलाच नाही. चूक पाच चाली आधीची आहे, हत्ती अजून पटावर असतानाची: ३७. एच४.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सुरुवात झटपट (रा राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा, नुसतं घर म्हणजे प्यादं; × मारणं, + शह, ०-० किल्लेबंदी): १. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. सी×डी५ सी×डी५ ४. घो-सी३ घो-एफ६ ५. घो-एफ३ घो-सी६ ६. उं-एफ४ उं-एफ५ ७. ई३ ई६ ८. उं-डी३ उं×डी३ ९. व×डी३ उं-डी६ १०. उं×डी६ व×डी६ ११. ०-० ०-०. दोन्ही उंटांच्या जोड्या गेल्या, पट आरशासारखा. पुढे ई४ आणि डी५ ने मध्य साफ झाला, बी×ए६ बी×ए६ आणि एफ×जी५ एफ×जी५ ने आणखी प्यादी उतरली. शेवटी ३९. ह-सी७+ ह-डी७ ४०. ह×डी७+ रा×डी७ ४१. रा-ई५ रा-ई७. हत्ती मध्ये घालण्यावाचून काळ्याला गत्यंतर नव्हतं, नाहीतर एच७ पडतं.

पट मांडून घ्या. पांढरा: राजा ई५, प्यादी ए५, जी५, एच४. काळा: राजा ई७, प्यादी ए६, जी६, एच७. चाल पांढऱ्याची.

ही बरोबरी आहे, आणि आता कारणासकट सांगता येते. जोडघरं, म्हणजे पांढरा राजा एका घरावर आला की काळ्याने गाठायचं ठरलेलं घर, अशी: पांढरा ई५ वर आला की काळा ई७ वर हवा, डी५ ला डी७, सी५ ला सी७. त्रिकोण करून चाल गमावण्याची, म्हणजे राजा फिरवून तीच स्थिती काळ्याच्या चालीवर आणण्याची, माझी कल्पना इथेच कोसळली. रा-डी४ ला काळा रा-डी६ खेळतो (रा-डी८ सुद्धा चालतं) आणि तिथून तिन्ही जोडघरं एका पावलावर राहतात. काळ्याने सांभाळायची एक जागा: राजे सी४–सी६ असताना पांढरा रा-बी४ खेळला तर उत्तर रा-डी६. रा-सी७ खेळलं की रा-सी५ ने चाल काळ्यावर येते आणि डाव गेला. एच५ चा तोडही कामाचा नाही: ४२. एच५ जी×एच५ ४३. रा-एफ५ एच४ ४४. रा-जी४ रा-ई६ ४५. रा×एच४ रा-एफ५, आणि इथे काळजी पांढऱ्यालाच करायची आहे.

आता एकच बदल करा: पांढरं प्यादं एच४ ऐवजी एच३ वर ठेवा. ४२. एच४! आणि तीच स्थिती, पण चाल काळ्याची. काळ्याकडे राखीव चाल (राजा न हलवता वेळ काढणारी प्याद्याची चाल) नाही, कारण एच६ असो वा एच५, दोन्हीला जी×एच६ हेच उत्तर (दुसऱ्यात एन पासां, म्हणजे दोन घरं उडी मारलेलं प्यादं जाता जाता मारणं). मग राजा रा-एफ७, रा-जी८, रा-एच७ करत ते प्यादं खायला जातो, तोवर पांढरा ए६ उचलून वजीर करतो.

४२…रा-डी७ ला ४३. रा-एफ६. काळा ए५ कडे धावला तर मोजणी अशी: ४३…रा-सी६ ४४. रा-जी७ रा-बी५ ४५. रा×एच७ रा×ए५ ४६. रा×जी६ रा-बी४ ४७. रा-एफ६ ए५ ४८. जी६ ए४ ४९. जी७ ए३ ५०. जी८=व. वजीर जी८ वरून तिरका ए२ पाहतो, प्यादं ए३ वरच अडकतं. एक घर पुढे असतं तर गणित फिरलं असतं. ४४. रा-जी७ नंतर आधी जी६ खायचा मोह टाळा, एच७ त्याला धरून आहे.

सगळ्यात देखणी शाखा ४२…रा-एफ७ ची. ४३. रा-डी६ रा-एफ८ ४४. रा-सी६ रा-ई७ ४५. रा-बी६ रा-डी७ ४६. रा×ए६ रा-सी६ ४७. रा-ए७ रा-सी७ ४८. ए६ रा-सी८ ४९. रा-बी६ रा-बी८. हत्तीच्या पट्टीतलं प्यादं, समोर राजा, म्हणजे बरोबरी असं वाटतं. पण ५०. रा-सी६! प्यादं सोडून द्यायचं. ५०…रा-ए७ ५१. रा-डी७ रा×ए६ ५२. रा-ई७ रा-बी६ ५३. रा-एफ७ रा-सी६ ५४. रा-जी७ रा-डी६ ५५. रा×एच७ रा-ई६ ५६. रा×जी६, आणि जोडीची दोन प्यादी सुटली. ए प्याद्याचं काम काळ्या राजाला पटाच्या टोकाला नेण्याचं. ही शाखा लाकडी पटावर हाताने दोनदा खेळून पाहा, पडद्यावर तिची चव कळत नाही.

साधनांबद्दल: स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन या स्थितीला ०.०० (बरोबरी) देऊन गप्प बसतं. सिझिजी टेबलबेस (थोड्या मोहऱ्यांच्या स्थितींची अचूक उत्तरं साठवलेला संग्रह) सात मोहऱ्यांपर्यंत आहे आणि इथे राजे धरून आठ आहेत, त्यामुळे ४२व्या चालीला तिथून उत्तर मिळत नाही. एक प्यादं उतरलं की मिळतं. माझ्या मते अशा डावांत इंजिन आधी बंदच ठेवावं. जोडघरं कागदावर काढा, मग एच३ आणि एच४ या दोन्ही स्थिती त्याला देऊन आकड्यातला फरक बघा.

३७. एच४ जी५ ला आधार म्हणून खेळली गेली. पण राजा एफ४ वर होता, जी५ राखलेलंच होतं. सी पट्टीत हत्तीची एखादी चाल पुरली असती.

पुढच्या वेळी २८ ते ३६ चा हत्तींचा डाव घ्यायचा ठरलं होतं. हे लिहिता लिहिता बेत बदलतोय, आधी १९. एच३ बघू. खिडकी म्हणून, म्हणजे किल्लेबंदीतल्या राजाला शेवटच्या ओळीतून निसटायची वाट म्हणून, ती चाल कुणीही खेळेल. पण एच२ वरचं प्यादं दोन घरं एकदम गेलं तर एक राखीव चाल देतं, एकेक गेलं तर दोन. सम-विषम निवडायची मुभा राहते. एच३ ने ती मुभा गेली आणि एच४ ने उरलेली एकही. खिडकी जी३ नेही होते, आणि जी प्याद्याला शेवटी जी५ वर जायचंच होतं: एच३, जी४, जी५ या तीन चाली, तशाच जी३, जी४, जी५ याही तीनच. उंट उतरलेले असल्याने एफ३–एच३ च्या पांढऱ्या घरांची भीतीही कमी. प्रश्न एवढाच की जी४ खेळताना एच३ चा आधार खरंच लागला होता का. तेव्हा दोन्ही वजीर पटावर होते, म्हणून शाखा बऱ्याच निघतील. २२ ते २६ तपासून कळवतो.