काकांचं तुणतुणं

शनिवार, रात्री साडेनऊ

आज सहावीच्या दोन्ही तुकड्या एकत्र बसवल्या. गोंधळी काका संबळ आणि तुणतुणं घेऊन सकाळच्या एसटीने आले. नवरात्रात ते मोकळे नसतात, म्हणून गॅदरिंगच्या आधीचा हा शनिवार गाठला.

गेल्या वर्षीचे पाहुणे आठवतात. चाळीस मिनिटं वादन, टाळ्या, शाल-श्रीफळ, फोटो. सोमवारी मुलं पुन्हा कोरी. दोष माझाही, मी मागे बसून वह्या तपासत होते. या खेपेला काकांना तासभर आधीच बोलावलं. चहा झाल्यावर त्यांनी संबळ कमरेला बांधून एक ठेका वाजवला. मी बोटांवर सहा मात्रा मोजल्या.

"दादरा तालच ना हा?"

"आसंल बाई. आमी त्येला काय म्हनत न्हाई."

वर्गात ते नेहमीच्या लयीत सुटले आणि मुलं गडबडली. तिथं माझी टाळी कामाला आली. सहा मात्रा फळ्यावर मांडल्या, लय निम्म्यावर आणली, मग चढवत नेली. हळू वाजवणं काकांना जड जात होतं, तोंडावर दिसत होतं.

मग गाणं. सवयीने पेटीवर काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी) धरली. माझा गळा तोच, त्यामुळे गेली अकरा वर्षं मुलांचाही तोच. काका म्हणाले, "थांबा, आदी पोरं गाऊ द्या." मुलांनी नुसतं 'उदो उदो' म्हटलं. ते कान देऊन खुंटी पिळत राहिले. तार लागली तशी मी हळूच पट्ट्या दाबून पाहिल्या. पांढरी सातपेक्षा चढा, तिला लागूनच असलेल्या वरच्या पांढरी एकपेक्षा उतरा. पेटीत तो सूरच नाही! (रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, तेव्हाच्या तक्रारीही अशाच होत्या, पट्ट्यांच्या मधले सूर पेटीत नाहीत म्हणून. मला त्या पंडिती वाटायच्या.) भाता मिटून टाकला.

शेवटच्या बाकावरचा एकजण वर्षभर नुसते ओठ हलवतो. आज त्याचा आवाज ऐकू आला, उंच आणि सुरात. मी त्याला बेसूर ठरवून मोकळी झाले होते.

निघताना शाळेने पुन्हा शालच काढली. "घरात पाच झाल्यात, येष्टीचं भाडं द्या," काका हसत म्हणाले. भाडं मी दिलं. मानधनाचा अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी कार्यालयात देईन.

तुणतुणं ते पुढच्या शनिवारपर्यंत माझ्याकडे ठेवून गेलेत. तार उतरवून कपाटावर ठेवलंय.