जिओकॅशचा डबा किती मोठा घ्यायचा, आणि लपवायचा कुठे

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीने, वेबसाइटवरच्या नोंदीत दिलेल्या कोऑर्डिनेटवरून (अक्षांश-रेखांशांवरून) शोधण्याचा खेळ; त्या डब्यालाच जिओकॅश किंवा नुसतं कॅश म्हणतात. पहिली कॅश लपवणारे बहुतेक जण आधी डबा विकत घेतात आणि मग त्याच्यासाठी जागा शोधत हिंडतात. क्रम उलटा हवा. जागा पक्की झाली की तिथे केवढा डबा नजरेआड राहील ते आपोआप कळतं. मग त्यात बसेल तो सगळ्यात मोठा डबा घ्यावा, असं माझं मत आहे. अर्ध्या लिटरचा डबा आरामात लपेल अशा ठिकाणी लोहचुंबकाची चिमुकली डबी, म्हणजे नॅनो, चिकटवून निघून जाणं हा निव्वळ आळस.

आकार घनफळावर ठरतात. १०० मिलिलिटरच्या आत मायक्रो, १०० मिली ते १ लिटर स्मॉल, १ ते २० लिटर रेग्युलर आणि त्यापुढे लार्ज. नॅनो हा नोंदीतला वेगळा आकार नाही. १० मिलीच्या आतल्या मायक्रोला खेळणारे नॅनो म्हणतात, इतकंच. ‘अदर’ असाही एक पर्याय असतो. पोकळ बोल्ट किंवा खोटा दगड अशा वेषांतर केलेल्या कॅशसाठी तो ठीक आहे, पण आकार सांगायचाच नाही म्हणून तो निवडणं शोधणाऱ्यावर अन्याय आहे. बाटली शोधायची की बटण, एवढं तरी त्याला कळायला हवं.

या खेळातली पहिली कॅश चांगली ऐसपैस होती. अमेरिकेने जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. आत सॉफ्टवेअर, पुस्तकं, पैसे, गलोल आणि बीन्सचा एक डबा होता. आजच्या नियमांत ती बादली मंजूर झाली नसती, कारण आता जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कॅशसाठी जमीन खणायची नाही आणि आत खाण्याची वस्तू ठेवायची नाही. मुंग्या, उंदीर आणि माकडं यांचा अनुभव असलेल्या कोणालाही दुसऱ्या नियमाचं कारण विचारावं लागणार नाही.

लहान डब्याची खरी अडचण सुरू होते ती जीपीएसपाशी. उघड्या माळावर फोनची चूक पाचेक मीटर धरा. म्हणजे शोधायचं वर्तुळ झालं सुमारे ७८ चौरस मीटरचं. तोच फोन घळीत किंवा कड्याखाली नेला की सिग्नल कातळावर आपटून येतो आणि चूक १५ मीटरपर्यंत सहज जाते. वर्तुळ ७०० चौरस मीटरचं होतं. एवढ्या दगडधोंड्यात ५० मिलीची नळी शोधायला लावणं याला अवघड कॅश म्हणत नाहीत, छळ म्हणतात. शिवाय लोक प्रत्येक दगड उलथा करतात, शेवाळ खरवडतात आणि महिन्याभरात त्या जागेची रया जाते. डबा जितका लहान, तितके तुमचे कोऑर्डिनेट नेमके हवेत आणि सूचना तितकी स्पष्ट हवी.

कोऑर्डिनेट घेताना फोन लपवण्याच्या जागेवर दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवा, तीसेक मीटर लांब जाऊन परत या, पुन्हा घ्या. जमलं तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळेला जाऊन घ्या आणि सगळ्यांची सरासरी काढा. अंश आणि दशांश मिनिटांच्या लिखाणात मिनिटाचा तिसरा दशांश उत्तर-दक्षिण १.८५ मीटर असतो, पुण्याच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम साधारण १.७५. त्यामुळे शेवटचा आकडा एक-दोनने चुकला तरी फार बिघडत नाही. मधला चुकला की माणूस पुढच्या झाडाखाली शोधत बसतो.

नॅनोच्या विरोधात आणखी एक हिशेब. दोन कॅशमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं. म्हणजे एक कॅश मंजूर झाली की भोवतालची जवळजवळ वीस एकर जागा दुसऱ्यांसाठी बंद. छानशा टेकडीवर कोणी घाईघाईने नॅनो ठेवली, तर तिथे ट्रॅकेबल (क्रमांक असलेली, एका कॅशमधून दुसरीत फिरणारी वस्तू) ठेवता येईल असा डबा ती निघेपर्यंत येऊ शकत नाही. ट्रॅव्हल बग या नेहमीच्या ट्रॅकेबलची धातूची पट्टी नॅनोत जात नाही, आणि तिला लटकवलेली वस्तू तर बहुतेक मायक्रोतही मावत नाही. मायक्रो शहरात योग्य, किंवा अनेक टप्प्यांच्या, म्हणजे मल्टी कॅशच्या मधल्या टप्प्यावर, जिथे फक्त पुढचे आकडे पोचवायचे असतात.

आता पाणी. कॅश मरते ती बहुधा पाण्याने, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा परीक्षेचा काळ. डबा ‘वॉटरप्रूफ’ असूनही आत पाणी कसं गेलं, हा प्रश्न नेहमी येतो. समजा कातळावर तापून आतली हवा ५० अंशांवर गेली आहे आणि वळवाच्या सरीने डबा झटक्यात २५ अंशांवर आला. बंद डब्यातल्या हवेचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी उतरतो. हा फरक म्हणजे डबा ८० सेंटीमीटर पाण्याखाली धरल्यासारखं झालं. झाकणाच्या खाचेत पाणी साचलेलं असेल तर ते रबराच्या फटीतून आत ओढलं जातं. म्हणून झाकणावर पाणी थांबणार नाही असा डबा तिरका ठेवा, आणि थेट उन्हात कधीच ठेवू नका.

घरी चाचणीही अशीच घ्यायची. डब्यात कोरडा टिश्यू पेपर घालून तो दुपारच्या उन्हात तासभर ठेवा, मग लगेच गार पाण्याच्या बादलीत वर वजन ठेवून बुडवा. रात्रभर राहू द्या. सकाळी बाहेरून नीट पुसून मगच उघडा, नाहीतर काठावरचं पाणी आत पडून निकाल चुकतो. टिश्यू ओला निघाला तर तो डबा डाळीसाठी ठेवा.

या चाचणीत सगळ्यात चांगला उतरतो तो चारी बाजूंनी कड्या लागणारा, सिलिकॉनची रिंग असलेला हवाबंद डबा. ३०० ते ६०० मिलीचा घ्यावा. तो गळतो त्याचं नेहमीचं कारण म्हणजे लॉगबुकच्या (शोधणारे सही करतात त्या वहीच्या) झिपच्या पिशवीचा कोपरा झाकणात अडकणं. शोधणारा घाईत असतो, कडी लागली की झालं असं त्याला वाटतं. पिशवी डब्यापेक्षा बरीच लहान घ्या म्हणजे ती वर येतच नाही. रिंगेत वाळूचा कण बसला तरी तेच होतं. कडीचा सांधा उन्हाने ठिसूळ होऊन तुटतो, तेव्हा दुरुस्तीच्या नादी न लागता डबाच बदला.

मायक्रोसाठी पाण्याच्या बाटलीचा प्रीफॉर्म घ्यावा. बाटली फुगवण्याआधीची ती जाड पीईटीची नळी, चार-पाच इंच लांब, वर नेहमीच्या बाटलीचे आटे. युरोपात, विशेषतः जर्मनीत, ही नळी सर्रास वापरतात. झाकण घट्ट बसतं, झाकणाची कडा आट्यांवरून खाली येत असल्याने पाऊस बाहेरच ओघळतो. ३५ मिमी फिल्मची डबी मात्र कितीही सोयीची वाटली तरी घेऊ नका. तिचं झाकण नुसतं दाबून बसतं आणि ओलावा आत घेतं. कीचेनला लावायची ॲल्युमिनियमची नळीही चालते, पण तिची सगळी भिस्त एका बारीक रबरी रिंगवर. दोन-चार रिंगा जास्तीच्या आणून ठेवा.

प्रोटीन पावडरचा किंवा पीनट बटरचा रिकामा डबा फुकट मिळतो आणि आकारही रेग्युलरचा, म्हणून मोह होतो. पण त्याला हवाबंद ठेवत होतं ते तोंडावरचं चंदेरी सील. ते निघालं की उरलेलं झाकण पावसापुढे टिकत नाही. प्रयोगशाळेत वापरतात ती रुंद तोंडाची, आत बूच असलेली जाड एचडीपीई प्लास्टिकची बाटली मिळाली तर रेग्युलरसाठी तिच्यासारखं काही नाही. स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा दोन कारणांनी बाद: झाकणाला रिंग नाही, आणि कोणालाही तो घरी न्यावासा वाटतो. जंगलात ठेवायची वस्तू कुरूप आणि बिनकामाची दिसली पाहिजे.

अमेरिकेत रेग्युलरचा राजा म्हणजे लष्करी दारूगोळ्याची लोखंडी पेटी. झाकणाला जाड रबर, वरून खटका, वर्षानुवर्षं कोरडी राहते. आपल्याकडे ती सहज मिळत नाही आणि मिळाली तरी झुडपात सापडलेली तशी पेटी पाहून पोलिसांना फोन जाणारच. बेवारस वस्तूंच्या सूचना रोज ऐकणाऱ्या समाजात डबा पारदर्शक असलेला बरा. बाहेर ‘जिओकॅश, खेळाचा डबा, धोकादायक नाही’ असं मराठीत आणि इंग्रजीत लिहा, आत खेळाची माहिती देणारी चिठ्ठी ठेवा. रेल्वे स्थानक, एसटी स्टँड, शाळा, देवस्थान, पूल आणि धरण यांच्या आसपास तर कुठल्याच आकाराची कॅश नको.

वेषांतर करायचं तर रंग लावण्याआधी डबा पॉलिश पेपरने घासा आणि प्लास्टिकचा प्रायमर मारा. पॉलिप्रॉपिलीनवर (असे डबे बहुधा याच प्लास्टिकचे असतात) रंग नुसता धरत नाही, पोपडे निघतात आणि ते रानात पडतात. रिंग आणि तिची खाच यांना रंगाचा थेंबही लागू देऊ नका. पारदर्शकपणा राखायचा असेल तर तळाची बाजू तशीच सोडा.

लोहचुंबक बाहेरून चिकटवायचा नाही. फेव्हिक्विक उष्णतेने आणि हिसक्याने सुटतं, आणि पॉलिप्रॉपिलीनवर ॲराल्डाइटही भरवशाचं नाही. चुंबक आतून ठेवा. डब्याची भिंत एक-दोन मिलिमीटरची असते आणि निओडिमियमच्या चुंबकाला तेवढी जाडी आड येत नाही. शिवाय किनारपट्टीवर खाऱ्या हवेत त्याच्यावरचा निकेलचा थर जाऊन तो गंजतो, आत राहिला तर वाचतो. जाण्याआधी कठडा कशाचा आहे तेही पाहा. उद्यानांत हल्ली लावतात त्या बऱ्याचशा स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांना आणि ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना पार्किंगमधल्या दिव्याच्या खांबाच्या तळाशी असलेलं झाकण उचलून कॅश काढायची सवय असते. तो प्रकार इथे आणू नका. आपल्याकडे खांबाच्या पायथ्याशी उघड्या वायरी असू शकतात आणि पावसात तर खांबाला हातही लावू नये. डीपीच्या बाबतीत हेच दुप्पट जोराने.

परदेशी लेखांत आणखी एक जागा हमखास सुचवलेली असते: झाडाच्या बुंध्याशी रचलेले दगड. सह्याद्रीत आणि विशेषतः कोकणात मी ती जागा सरळ बाद करतो. जांभ्याच्या सड्यावर दगडाखाली फुरसं असतं, विंचू तर कुठेही. चांगली जागा छातीच्या उंचीवर असते आणि हात घालण्याआधी बॅटरीच्या उजेडात डबा दिसतो. बांधाच्या मागची उभी फट, दोन खोडांमधली बेचकी, वडाच्या पारंब्यांमागचा कोनाडा. कपार खोल असेल तर डब्याला हिरवी किंवा तपकिरी दोरी बांधून तिचं टोक बाहेर सोडा. झाडाची ढोली लांबून सुरेख वाटते, पण तिच्यात पाणी साचतं, मधमाश्या बसतात, पक्षी घरटी करतात. झाडाला खिळा किंवा स्क्रू मारणं नियमातही बसत नाही.

गडाच्या तटबंदीत, बुरुजाच्या फटीत डबा कोंबू नका. एकाने डबा कोंबला की शोधणारे दहा जण दहा चिरे हलवून बघतात. गडावर कॅश हवीच असेल तर संरक्षित हद्दीच्या बाहेर, पायथ्याच्या वाटेवर, ज्याची जमीन आहे त्याची परवानगी घेऊन ठेवा. अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय नाही.

कोणतीही जागा दोनदा बघा, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा एप्रिलमध्ये. मे महिन्यात निवडलेली मोकळी वाट पावसाळ्यात कारवीत बुडते. पावसाळ्यात दाट वाटलेलं झुडूप उन्हाळ्यात पानं गाळून डबा चव्हाट्यावर मांडतं. कोरडा दिसणारा ओढा जुलैत डबा घेऊन जातो. गवताळ उतारांवर फेब्रुवारीनंतर वणवा लागतो आणि प्लास्टिक वितळून लगदा होतो. तिथे गवतापासून दूर उघड्या कातळाची फट शोधावी.

आत फार काही लागत नाही. लॉगबुक, एचबी पेन्सिल, दोन-चार टिकाऊ वस्तू. जेल पेन नको, दमटपणात सह्या पसरतात. सिलिका जेलची पुडी पहिले काही दिवसच काम करते, एकदा ओलावा पिऊन झाला की ती नुसती जागा अडवते. नॅनोत कागदाची जेमतेम बोटाच्या पेरापेक्षाही अरुंद पट्टी असते. ती सैल गुंडाळली तर बाहेर काढता येत नाही आणि घट्ट गुंडाळली तर परत घालताना फाटते, म्हणून चिमटा सोबत आणायला वर्णनात सांगा.

ज्या जागेकडे वर्षातून तीन-चार वेळा जाणं जमणार नाही तिथे कॅश ठेवू नका. सुट्टीला गावी आलेल्या परदेशस्थांनी ठेवलेली कॅश साधारणपणे मंजूर होत नाही ती याच कारणाने, देखभाल करणारा कोणी स्थानिक नाव देऊन तयार असेल तरच गोष्ट वेगळी. पहिली फेरी मृगाच्या सरी पडून गेल्यावर आठवड्याभरात मारा. रिंग काढून पुसा, वाळू झटका, लॉगबुक ओलसर असेल तर वाळवत न बसता बदला. वाट निसरडी झाली असेल तर नोंद तात्पुरती बंद करा आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा चालू करा. बंद का केली ते दोन ओळींत नोंदवा, नाहीतर रिव्ह्यूअर (कॅश मंजूर करणारा) काही आठवड्यांनी विचारणा करतो आणि उत्तर आलं नाही तर कॅशची नोंद कायमची बंद करतो.