अमोनिया खरंच झाला, की हातमोज्यातून आला?

विजेवर अमोनिया बनवायचा म्हटलं की सगळं लक्ष नॅनोक्लस्टरकडे (उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या मोजक्या धातू-अणूंच्या पुंजक्याकडे) जातं. खरी गोची मोजमापात असते.

हवेतला नायट्रोजन घेतला, तर प्रत्येक अमोनियाला ३ इलेक्ट्रॉन लागतात. १ मिलिअँपिअर तासभर चालवला आणि फॅराडे कार्यक्षमता (दिलेल्या विजेपैकी अमोनियासाठी वापरली गेलेली टक्केवारी) १ टक्का आली, तर हाती साधारण २ मायक्रोग्रॅम अमोनिया. ३० मिली द्रावणात तो ०.०७ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). नायट्राइल हातमोजे, खोलीतली हवा, आधीच्या प्रयोगाचा अमोनियम धरून बसलेला नाफिऑनचा (सेलचे दोन कप्पे वेगळे करणाऱ्या पॉलिमरचा) पडदा, यांतूनही एवढा येऊ शकतो. म्हणून तीच चाचणी नायट्रोजनऐवजी आर्गॉनवर करा, वीज बंद ठेवूनही करा, आणि शेवटी १५-नायट्रोजन (नायट्रोजनचा जड समस्थानिक) वापरा. एनएमआरमध्ये (अणुकेंद्रांचे संकेत टिपणाऱ्या तंत्रात) त्यापासून झालेलं १५-अमोनियम दुहेरी रेष दाखवतं, साधं अमोनियम तिहेरी. त्या महागड्या वायूतही अमोनिया नि नायट्रोजनची ऑक्साइडं असतात. वायू आधी शोषकातून नेऊन ती काढून टाका.

नायट्रेटपासून काम सोपं. ८ इलेक्ट्रॉन; १० मिलिअँपिअर, एक तास, पूर्ण कार्यक्षमता धरली तर ४७ मायक्रोमोल, म्हणजे ३० मिलीत २६ पीपीएम. अमोनिया मोजणारी इंडोफिनॉलची रंगचाचणी (६५५ नॅनोमीटर) ० ते २ पीपीएमला बसवली असेल, तर नमुना २० पट पातळ करावाच लागतो. अर्धवट झालेलं नायट्राइट उरलं असेल तर तेही वेगळं मोजा.

क्लस्टरपुरतं बोलायचं तर २५ सोन्याच्या अणूंचा क्लस्टर शिकायला उत्तम. नायट्रेटला तांबं सरस, पण ते हवेत लवकर ऑक्सिडाइझ होतं. सोन्याचा क्लस्टर बनवताना सोन्याच्या १ मोल क्षाराला फिनाइलइथेनथायॉल (क्लस्टरवर आवरण बनवणारा थायॉल, म्हणजे गंधकाचं संयुग) ५ मोल आणि सोडियम बोरोहायड्राइड (क्षपणक) १० मोल. बोरोहायड्राइड बर्फाच्या पाण्यात ऐनवेळी विरघळवून एकदम ओतायचं. सोलापूरच्या मे महिन्यात टाकीचंच पाणी कढत असतं. त्यात विरघळवून ठेवलं तर ओतण्याआधीच हायड्रोजनचे बुडबुडे निघून जातात. प्रकाश-शोषणाच्या आलेखात ४००, ४५० आणि ६८० नॅनोमीटरच्या आसपास पट्टे दिसले तर जमलं. ५२०ला फुगवटा आला तर मोठे कण झालेत, ती खेप बाजूला ठेवा.

थायॉलचं आवरण सक्रिय जागा झाकतं. तापवून थोडं काढता येतं, पण अति केलं की क्लस्टर एकमेकांत मिसळतात.

द्रावण पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं असेल, तर अमोनिया वायूरूपात उडतो (पीकेए ९.२५, म्हणजे त्याहून बऱ्याच जास्त पीएचला अमोनियमचा बहुतांशी अमोनिया होतो), उन्हाळ्यात जास्तच. पुढे सौम्य सल्फ्युरिक आम्लाची बाटली जोडा आणि द्रावण आणि बाटली, दोन्हींतला अमोनिया मिळवून हिशेब करा.

विहिरीच्या पाण्यावर लगेच उडी मारू नका. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, प्रयोगशाळेतल्या ०.१ मोलर नायट्रेट द्रावणात लिटरला ६,२०० मिलिग्रॅम असतात. शिवाय इकडच्या बोअरचं पाणी जड. कॅथोडपाशी अल्कलीपणा वाढला की कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढरा थर बसतो आणि उत्प्रेरक कितीही चांगला असला तरी झाकला जातो. पाणी आधी मऊ करून घ्या.