आधी लायसन्सचा नंबर मागा, असं मी का म्हणते

"ताई, मुलाच्या थेरपिस्टकडे अमेरिकेचं सर्टिफिकेट आहे. मग तुम्ही लायसन्सचं का विचारत बसता?" ऑटिझम असलेल्या मुलांच्या आया मला हे सारखं विचारतात. डॅलसच्या आसपास राहणाऱ्या विचारतात, पुण्याहून फोन करणाऱ्याही विचारतात. मी टेक्सासमध्ये बिहेवियर अ‍ॅनालिस्ट आहे. मूल असं का वागतंय हे बारकाईनं बघायचं आणि त्याला मागायला, जेवायला, कपडे घालायला शिकवायचं, हे माझं काम. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि सांगायचं तर एका पाण्याच्या बाटलीपासून सांगावं लागेल.

२०१६ साली मी एका सेंटरवर टेक्निशियन होते, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या प्लॅनप्रमाणे मुलांना शिकवणारी. चाळीस तासांचं ट्रेनिंग आणि एक परीक्षा, एवढ्या शिदोरीवर मुलांना हाताळत होते. त्यात सहा वर्षांचा एक न बोलणारा मुलगा होता. त्याची निळी बाटली कपाटावर ठेवायची आणि त्यानं चित्राचं कार्ड हातात दिल्याशिवाय खाली काढायची नाही, असं त्याच्या प्लॅनमध्ये लिहिलेलं. एके दिवशी त्यानं कार्डाला हातच लावला नाही. माझं मनगट धरून मला कपाटाकडे ओढत राहिला. ओठ सुकलेले. त्याला पाणी हवंय हे तो मला सांगतच होता की! आणि मी मात्र शीटवर 'चूक' अशा खुणा करत होते, एक, दोन, करता करता अकरा. मग राहवलं नाही, बाटली काढून दिली. दोन्ही हातांनी धरून त्यानं ती एका दमात संपवली.

तो प्लॅन लिहिणाऱ्या बाई महिन्यातून एकदा यायच्या आणि साचलेल्या शीटवर सह्या करून जायच्या. नियम असा की टेक्निशियन जितके तास काम करते त्यातल्या किमान पाच टक्के वेळ तिच्यावर देखरेख हवी. मी मुलाच्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग तक्रार कुठे करायची?"

टेक्सासमध्ये तेव्हा या कामाला सरकारी लायसन्स नव्हतंच. सर्टिफिकेट देणारं बोर्ड होतं, तिथे तक्रार करता येत होती, पण ते बोर्ड खासगी. फार तर ते सर्टिफिकेट काढून घेईल. उद्या त्याच माणसानं वेगळ्या नावाची पाटी लावून तेच काम सुरू केलं तर त्याला अडवायची ताकद बोर्डाकडे नाही. ती राज्याकडे असते, आणि राज्याकडेसुद्धा कायदा असेल तरच. त्या आईनं मुलाला तिथून काढलं. बाकी कोणाचं काहीही बिघडलं नाही.

२०१७ मध्ये टेक्सासचा कायदा झाला आणि १ सप्टेंबर २०१८ पासून लायसन्सशिवाय हे काम करायला बंदी आली. इलेक्ट्रिशियनला आणि न्हाव्याला लायसन्स देणारं राज्याचं जे खातं आहे, तेच आम्हालाही देतं. नाव टाकलं की लायसन्स चालू आहे की नाही ते घरबसल्या दिसतं, तक्रारही तिथेच करता येते. या खात्याला सल्ला देणाऱ्या नऊ जणांच्या मंडळात तीन जागा अशा लोकांसाठी आहेत ज्यांनी स्वतः ही थेरपी घेतली आहे किंवा ज्यांच्या मुलांनी घेतली आहे. अख्ख्या कायद्यात मला हे कलम सगळ्यात मोलाचं वाटतं.

हा धडा अमेरिकेला फुकट मिळालेला नाही. १९७२ साली मायामीतल्या सनलँड या सरकारी संस्थेत 'वागणं सुधारण्या'च्या नावाखाली मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांना मारहाण होत होती, चारचौघांत लाजिरवाण्या शिक्षा दिल्या जात होत्या, हे चौकशीत उघड झालं. करणाऱ्यांना धड प्रशिक्षण नव्हतं आणि वर बघणारं कोणी नव्हतं. त्यातून फ्लोरिडानं नियम केले, पुढे परीक्षा आणली, आणि त्याच कामातून आलेल्या जेराल्ड शुक यांनी १९९८ मध्ये आजचं ते सर्टिफिकेटचं बोर्ड उभं केलं.

लायसन्स आलं म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये लायसन्सचा कायदा होऊनही कँटनच्या एका संस्थेत मुलांना, मोठ्यांना वागणं बदलण्यासाठी त्वचेवर विजेचे झटके दिले जात राहिले. २०२० मध्ये एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या केंद्रीय खात्यानं, त्या यंत्रावर बंदी घातली, ती पुढच्याच वर्षी कोर्टात टिकली नाही. ऑटिझम असलेली मोठी माणसं आमच्या व्यवसायाबद्दल चिडून बोलतात, त्यामागे हे सगळं आहे. त्यांचं ऐकायलाच हवं.

आता पुण्याचं. त्या अमेरिकन बोर्डानं २०२३ पासून भारतातून नवे अर्ज घेणं बंद केलंय. ज्यांना आधी मिळालं आहे, त्यांचं नाव बोर्डाच्या साइटवर तपासता येतं, कारवाई झाली असेल तर तीही दिसते. आपल्याकडे १९९२ च्या पुनर्वसन परिषदेच्या कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, स्पेशल एज्युकेटर आहेत, स्पीच थेरपिस्ट आहेत, बिहेवियर अ‍ॅनालिस्ट नाहीत. ते नाव आलं २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यसेवेतल्या इतर व्यावसायिकांच्या, कायद्याच्या परिशिष्टात. त्या कायद्यात प्रत्येक राज्यानं आपली परिषद नेमायची आहे. त्या परिषदेत टेक्साससारखी पालकांची खुर्ची असावी म्हणून आत्तापासून भांडा, हे मी प्रत्येक आईला सांगते.

आणि तोवर तीन गोष्टी विचारा, हेही. प्लॅन कोण लिहितं? ती व्यक्ती स्वतः मुलाला महिन्यातून किती वेळा बघते? मी सेशनला आत बसू का?

कोथरूडच्या एका आईनं गेल्या महिन्यात हे तिन्ही विचारले. पहिल्या दोन्हींची उत्तरं बरी मिळाली. आत बसायला मात्र नाही म्हणाले, मूल डिस्टर्ब होतं म्हणे. तिनं मला फोन करून विचारलं, "ताई, फी तीन महिन्यांची भरलीये, काय करू?" मी म्हटलं, आजच काढा त्याला तिथून.